बर्फातले ताड आणि सरासरीचा नकाशा

परीक्षण पुस्तकांचे होते, नकाशांचे सहसा होत नाही. नकाशा म्हणजे निव्वळ माहिती, त्यात मत ते कसले, अशी आपली समजूत असते. अमेरिकेच्या कृषी खात्याचा वनस्पतींच्या काटकपणाचा नकाशा याला अपवाद आहे. रंगीबेरंगी पट्ट्यांच्या या नकाशात एक ठाम मत मांडलेले आहे: एखाद्या गावची थंडी एका आकड्यात सांगता येते आणि त्या आकड्यावरून तिथे कोणते झाड हिवाळा काढील हेही सांगता येते. १९६० पासून आजवर रोपवाटिका, बागकामाची पुस्तके आणि रोपांना टांगलेल्या चिठ्ठ्या हे मत गृहीत धरूनच चालत आल्या आहेत. केवळ अमेरिकेतच असे नाही, युरोपातही हेच पट्टे वापरले जातात. ते मत कितपत टिकते, हे पाहण्याचा हा प्रयत्न.

तपासणीसाठी मी निवडली आहेत ती ताडकुळातली झाडे. इंग्लंड, जर्मनी, स्वित्झर्लंड, कॅनडा, अमेरिकेचा मध्य आणि उत्तर भाग अशा ठिकाणी घराच्या परसात ताड लावून तो हिवाळ्यातून जगवण्याचा छंद असलेली बरीच माणसे आहेत. ओक किंवा सफरचंद यांना तिथला हिवाळा नवा नाही, ती झाडे आपल्या प्रदेशाच्या मधोमध उभी असतात. ताड मात्र कडेवर उभा असतो. दोन अंश इकडे-तिकडे झाले तर ओकाला काही होत नाही, ताड मरतो. नकाशात काही उणे असेल तर ते कडेवरच उघडे पडणार.

आधी नकाशा काय म्हणतो ते नीट समजून घेऊ. एखाद्या हवामानकेंद्रावर दर वर्षी एक रात्र सर्वांत थंड असते. त्या रात्रीचे किमान तापमान लिहून घ्यायचे. अशी तीस वर्षांची तीस तापमाने घेऊन त्यांची सरासरी काढायची. ही सरासरी ज्या पट्ट्यात पडेल तो त्या गावाचा पट्टा. प्रत्येक पट्टा १० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे साडेपाच अंश सेल्सियस रुंद असतो. त्याचे पुन्हा 'अ' आणि 'ब' असे दोन भाग पाडलेले असतात. पहिला पट्टा उणे ४५ अंशांच्याही खालचा, अलास्कातला. तेरावा पट्टा १५ अंशांच्या वरचा. आपली मुंबई या मापाने बाराव्या पट्ट्याच्या आसपास पडेल.

वर्गात हा भाग सांगताना एक गोष्ट मुद्दाम ठसवावी लागते. ही 'किमान तापमानाची सरासरी' आहे, 'किमान सरासरी तापमान' नव्हे आणि 'आजवरचे नीचांकी तापमान' तर नव्हेच. शब्द तेच, क्रम बदलला की अर्थ बदलतो. नकाशाच्या बऱ्याच वाचकांची गल्लत इथेच होते. पट्टा आठ म्हणजे 'इथे उणे १२ अंशांखाली तापमान जात नाही', असे ते वाचतात. नकाशा तसे कुठेही म्हणत नाही, पण तसे वाचले जाऊ नये म्हणून फारशी काळजीही घेत नाही.

या कल्पनेला जुना इतिहास आहे. हार्वर्ड विद्यापीठाच्या अर्नोल्ड वृक्षोद्यानातील आल्फ्रेड रेडर यांनी १९२७ साली झाडाझुडपांवरील आपल्या ग्रंथात असा पट्ट्यांचा नकाशा दिला. त्याच संस्थेतील डोनाल्ड वायमन यांनी १९३८ मध्ये सुधारित नकाशा काढला. कृषी खात्याचा पहिला नकाशा १९६० चा. त्यानंतर १९९०, २०१२ आणि २०२३ साली मोठ्या सुधारणा झाल्या. २०२३ च्या नकाशासाठी १३,४१२ हवामानकेंद्रांची माहिती वापरली गेली, आधीच्या नकाशासाठी ७,९८३ केंद्रांची. ओरेगन राज्य विद्यापीठातील गटाने डोंगरउतार, समुद्राचे सान्निध्य, दऱ्यांत साचणारी थंड हवा, शहरांची ऊब यांचा हिशेब करून केंद्रांच्या मधल्या जागा भरल्या. सुमारे अर्ध्या मैलाच्या चौकोनापर्यंत हा नकाशा वाचता येतो. कारागिरी म्हणून पाहिले तर काम अव्वल दर्जाचे आहे, याबद्दल दुमत नसावे. माझा आक्षेप कारागिरीवर नाही, मोजायला काय घेतले यावर आहे.

आता ताडाकडे वळू. लंडनजवळच्या क्यू उद्यानात लोखंड आणि काच यांचे प्रचंड ताडगृह १८४४ ते १८४८ या काळात उभारले गेले. ताड म्हणजे उष्ण कटिबंधातले झाड, त्याला इंग्लंडात शेगडीच्या उबेतच ठेवले पाहिजे, ही त्यामागची धारणा. ताडगृह पुरे होऊन वर्ष होते न होते तोच, १८४९ मध्ये रॉबर्ट फॉर्च्यून या वनस्पती-संग्राहकाने चीनमधून एका ताडाची रोपे क्यूला पाठवली. चीनच्या किनाऱ्याजवळील चुसान बेटावर त्याने हे ताड पाहिले होते. त्यांच्या खोडावरच्या काथ्यासारख्या तंतूंपासून तिकडे दोर वळत आणि पावसात अंगावर घ्यायची वस्त्रे विणत, आपल्याकडच्या इरल्यासारखी. हे ताड उघड्यावर लावले, आणि ते जगले. फॉर्च्यूनच्याच नावाने आज ते ट्रॅकिकार्पस फॉर्च्युनी म्हणून ओळखले जाते. साधारण उणे १२ ते उणे १५ अंशांपर्यंतची थंडी वाढलेले झाड सोसते असे मानतात. याच प्रजातीचा एक भाऊ आपल्या देशात आहे, ट्रॅकिकार्पस टाकिल. कुमाऊँतील पिठोरागढजवळच्या थलकेदार डोंगरावर, जिथे हिवाळ्यात बर्फ पडते, तिथे तो उगवतो. इटालियन वनस्पतिशास्त्रज्ञ ओदोआर्दो बेक्कारी याने १९०५ मध्ये त्याचे वर्णन केले. ताड म्हटले की वाळू आणि समुद्र डोळ्यांसमोर आणणाऱ्या विद्यार्थ्यांना हे उदाहरण जरूर द्यावे.

मग ताड थंडीला इतका नाजूक का? याचे उत्तर त्याच्या बांधणीत आहे. ताड ही एकदल वनस्पती. आंब्याच्या किंवा ओकाच्या खोडात सालीखाली कॅम्बियम नावाचा विभाजी ऊतींचा थर असतो आणि तो नव्या जलवाहिन्या घडवत राहतो. कडक हिवाळ्यात जलवाहिनीतले पाणी गोठले, वितळताना त्यात हवेचे बुडबुडे धरले आणि ती निकामी झाली, तरी ओक वसंत ऋतूत नवी वाहिनी तयार करतो. ताडाला हा थर नाही. एकदा घडलेल्या जलवाहिन्यांवरच त्याला जन्मभर काढायचे असते. खोडाला झालेली इजा भरून येत नाही, आणि म्हणून काही ताड थंडीनंतर एक-दोन वर्षे बरे दिसून मग अचानक मान टाकतात.

दुसरी अडचण अधिक गंभीर. बहुतेक ताडांना वाढीचा कोंब एकच, शेंड्याच्या गाभ्यात. कोकणातल्या वाचकांना हे सांगायला नको. गेंड्या भुंग्याने माडाचा कोंब खाल्ला की माड गेला. थंडीचेही तसेच. पाने करपली तर चालते, नवी येतात. गाभा गोठला तर संपले. कित्येकदा गाभा थंडीने पुरता मरत नाही, नुसता दुखावतो. मग ऊब आल्यावर त्या ओल्या, दुखावलेल्या पेशींवर जिवाणू आणि बुरशी चढतात. मधले सुरळीतले पान हलकेच ओढले तर हातात येते आणि त्याच्या बुडाला कुजका वास असतो. हौशी लोक यावर ताम्रयुक्त बुरशीनाशक ओततात, म्हणजे आपल्या बोर्डो मिश्रणाचाच भाऊबंद. कधी उपयोग होतो, कधी नाही.

ही बांधणी लक्षात घेतली म्हणजे 'सरासरी' हा शब्द ताडाच्या बाबतीत किती गैरलागू आहे ते कळते. एक काल्पनिक गाव घ्या. तिथल्या वार्षिक किमान तापमानांची सरासरी उणे १० अंश आणि प्रमाण विचलन ४ अंश आहे असे समजू. उणे १६ अंशांपर्यंत तग धरणारा ताड आपण तिथे लावला. सरासरीहून तो सहा अंशांनी काटक, म्हणजे चांगलाच सुरक्षित वाटतो. तापमानांची विभागणी घंटेच्या आकाराची धरली तर उणे १६ च्या खाली जाणारे वर्ष येण्याची संभाव्यता सुमारे ६.७ टक्के निघते. एका वर्षापुरती ही नगण्य. पण ताड एक वर्षासाठी लावत नाहीत. सलग वीस वर्षे असे वर्ष न येण्याची संभाव्यता ०.९३३ चा विसावा घात, म्हणजे जवळजवळ ०.२५. चारांतले तीन ताड वीस वर्षांत मेलेले असतील. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांकडून हे गणित विचलन बदलून बदलून करून घ्यावे. सरासरी तीच ठेवून विचलन २ केले तर तोच ताड जवळपास निर्धास्त होतो. आणि नकाशा विचलनाबद्दल एक अक्षर बोलत नाही.

काल्पनिक गाव सोडून खरे गाव घेऊ. टेक्सास राज्यातले डॅलस २०१२ च्या नकाशात ८अ या पट्ट्यात येते, म्हणजे सरासरी उणे १२.२ ते उणे ९.४ अंश. १६ फेब्रुवारी २०२१ रोजी तिथल्या विमानतळावर पारा उणे १८.९ अंशांपर्यंत उतरला. पट्ट्याच्या खालच्या कडेपेक्षाही साडेसहा अंशांहून अधिक खाली. शिवाय ही एका पहाटेची गोष्ट नव्हती. पाच दिवसांहून अधिक काळ तापमान सलग गोठणबिंदूखाली राहिले. दक्षिणेकडे ऑस्टिन, सॅन अँटोनिओ या शहरांत वॉशिंग्टोनिया रोबस्टा हे उंच, झपाट्याने वाढणारे मेक्सिकन ताड रस्तोरस्ती लावलेले होते. ते मोठ्या संख्येने मेले. करपलेल्या झुबक्यांचे खांब कित्येक महिने तसेच उभे होते, आणि ते कापून काढण्याचा खर्च घरमालकांवर पडला.

याच थंडीत टेक्सासचा मूळचा बुटका ताड, साबाल मायनर, बहुतांशी सुखरूप राहिला. त्याचे रहस्य रसायनापेक्षा भूगोलात अधिक आहे. त्याचे खोड जमिनीखाली असते आणि कोंबही तिथेच. वरची हवा उणे १५ झाली तरी हातभर खालची माती शून्याच्या आसपास रेंगाळते. सर्वांत काटक समजला जाणारा ऱ्हापिडोफायलम हिस्ट्रिक्स, म्हणजे आग्नेय अमेरिकेतला सुईताड, तोही असाच. जमिनीलगतचे आखूड खोड, भोवती लांब काट्यांची आणि अडकलेल्या पाचोळ्याची गोधडी. एकाच पट्ट्यात, एकाच रात्री एका ताडाचा कोंब वीस मीटर उंचीवर वाऱ्यात असतो आणि दुसऱ्याचा मातीच्या कुशीत. दोघांनी अनुभवलेली थंडी एकच कशी?

काळाची बाबही अशीच सुटून जाते. पहाटे तासभर उणे १० होऊन नऊला ऊन पडले, आणि तीन दिवस-रात्र उणे १० राहिले, या दोहोंची नोंद नकाशाच्या वहीत सारखीच. ताडासाठी मात्र पहिली गोष्ट पानांपुरती आणि दुसरी गाभ्याची. जाड वस्तूच्या मध्यापर्यंत थंडी पोचायला लागणारा वेळ तिच्या जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. खोडाचा व्यास दुप्पट झाला तर वेळ चौपट. कोवळी रोपे मोठ्या झाडांच्या मानाने चटकन मरतात यामागे हे एक महत्त्वाचे कारण आहे. रोपावरच्या चिठ्ठीवर मात्र वाढलेल्या झाडाचा आकडा असतो आणि विकतात ते वीतभर रोप.

हे वर्गात दाखवणे सोपे आहे. सुमारे ४ आणि ८ सेंटिमीटर व्यासाचे दोन गोलसर बटाटे घ्या. सळईने भोक पाडून अल्कोहोलच्या तापमापीचा फुगा मध्यापर्यंत बसवा. दोन्ही बटाटे बर्फाच्या पाण्यात बुडवा, पाणी भोकात शिरू देऊ नका, आणि पाणी सतत ढवळत राहा. मध्याचे तापमान १० अंशांवर यायला प्रत्येकाला किती मिनिटे लागली ते मोजा. गुणोत्तर चारच्या जवळ येईल. मग हाच प्रयोग फ्रिजच्या बर्फखान्यातल्या हवेत करून पाहा. तिथे गुणोत्तर चारपेक्षा कमी, दोन आणि चारच्या दरम्यान निघेल. असे का, हे विद्यार्थ्यांनाच विचारावे. हवा उष्णता वाहून नेण्यात पाण्यापेक्षा फार कच्ची आहे, एवढे सूचन पुरे.

नकाशाच्या इतिहासातली एक गोष्ट सांख्यिकीच्या शिक्षकांनी जपून ठेवावी अशी आहे. १९९० च्या नकाशासाठी १९७४ ते १९८६ एवढ्या तेराच वर्षांची माहिती घेतली होती. योगायोगाने त्या काळात पूर्व अमेरिकेत काही विलक्षण कडक हिवाळे येऊन गेले. नकाशा थंड निघाला. २०१२ च्या नकाशासाठी १९७६ ते २००५ अशी तीस वर्षे घेतली, तेव्हा देशाचा बराच भाग अर्ध्या पट्ट्याने उबदार झालेला दिसला. यात हवामान खरोखर किती बदलले आणि खिडकी किती बदलली, हे वेगळे काढणे सोपे नाही. २०२३ चा नकाशा १९९१ ते २०२० या वर्षांचा. त्यात देशाचा सुमारे अर्धा भाग पुन्हा अर्धा पट्टा वर सरकला. पृथ्वी तापते आहे याबद्दल शंका नाही, पण या विशिष्ट नकाशातील प्रत्येक सरकणे त्याचा पुरावा मानू नका, असे खुद्द कृषी खातेच बजावते. त्यांचा हा संयम मला योग्य वाटतो.

तरीही एक विचित्र गोष्ट उरते. हा नकाशा नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याची माहिती २०२० अखेर थांबते. म्हणजे टेक्सासच्या माणसांनी फेब्रुवारी २०२१ ची ती थंडी भोगली, मेलेले ताड कापले, आणि त्यानंतर जो नवा नकाशा हाती पडला त्यात ती थंडी नव्हतीच. नियमाप्रमाणे हे बरोबर आहे, तीस वर्षांची खिडकी कुठेतरी संपणारच. पण नकाशा उघडून 'आपण आता उबदार पट्ट्यात आलो' असे वाचणाऱ्याला ही तळटीप कोण सांगणार? ज्याला नवीन ताड लावायचा आहे त्याच्या दृष्टीने ती तळटीप नकाशाहून मोलाची आहे.

आता उन्हाळ्याविषयी. फ्लोरिडातले जॅक्सनव्हिल आणि लंडन ही दोन्ही शहरे या मोजमापात नवव्या पट्ट्यात येतात. जॅक्सनव्हिलला जुलैत दुपारचे तापमान ३३ अंशांच्या घरात, लंडनला २३-२४. फ्लोरिडाचा राज्यवृक्ष असलेला साबाल पाल्मेटो जॅक्सनव्हिलच्या आसपास रानात वाढतो. लंडनला तो हिवाळ्यात मरत नाही कदाचित, पण उन्हाळ्यात वाढतही नाही. वर्षाकाठी कसेबसे एखादे पान काढतो आणि एखाद्या हिवाळ्यात ते करपले की जमाखर्च तुटीत जातो. फॉर्च्यूनचा ताड मूळचा डोंगराळ, बेताच्या उन्हाळ्यात राहणारा, त्याला लंडन मानवते. एका आकड्याच्या नकाशाला हा फरक दिसूच शकत नाही. अमेरिकन उद्यानविद्या संस्थेने १९९७ मध्ये उष्णतेच्या पट्ट्यांचा वेगळा नकाशा काढला. त्यात वर्षातून किती दिवस तापमान ३० अंशांवर जाते ते दाखवले आहे. तो फारसा रुळला नाही. कॅनडाने तर १९६७ मध्येच सात गोष्टी एकत्र करून निर्देशांक बनवला होता: हिवाळ्यातले किमान तापमान, हिममुक्त दिवस, उन्हाळी पाऊस, कमाल तापमान, जानेवारीचा पाऊस, बर्फाची जाडी आणि वारा. शास्त्र म्हणून कॅनडाचा नकाशा सरस आहे असे माझे मत आहे. पण सात गोष्टींचा निर्देशांक कोणाला डोक्यात ठेवता येत नाही, आणि 'मी सातव्या पट्ट्यात राहतो' हे वाक्य चटकन बोलता येते. सोपेपणा जिंकला. ब्रिटनच्या राजेशाही उद्यानविद्या संस्थेनेही २०१२ मध्ये स्वतःची श्रेणी काढली, पण तिथेही प्रत्येक श्रेणीला तापमानाचीच फूटपट्टी आहे.

ब्रिटनचा विषय निघाला आहे तर एक गैरसमज दूर करू. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, ५७ अंश उत्तरेला, प्लॉक्टन गावात समुद्राकाठी 'पाम' उभे आहेत आणि त्यांची छायाचित्रे प्रसिद्ध आहेत. ते ताड नव्हेत. न्यूझीलंडहून आलेली ती कॉर्डिलाइन ऑस्ट्रॅलिस ही शतावरीच्या कुळातली झाडे. हा फरक केवळ नावाचा नाही. डिसेंबर २०१० हा ब्रिटनमध्ये १९१० पासूनच्या राष्ट्रीय नोंदींतला सर्वांत थंड डिसेंबर ठरला, तेव्हा अनेक ठिकाणच्या कॉर्डिलाइन जमिनीपर्यंत मेल्या. नंतर त्यांतल्या कित्येक बुडख्यापासून पुन्हा फुटल्या. खऱ्या, एका कोंबाच्या ताडाला ही दुसरी संधी मिळत नाही. दोन्हींच्या चिठ्ठीवर काटकपणाचा आकडा असतो, पण एकीकडे त्याचा अर्थ 'वरचा भाग जाईल' आणि दुसरीकडे 'झाड जाईल'.

हौशी मंडळी नकाशाच्या पलीकडे जाऊन हिवाळ्याशी जो सामना देतात, त्यातले भौतिकशास्त्र पाठ्यपुस्तकातलेच आहे आणि तिथेही एक आकडा पुरत नाही. थंडी दोन प्रकारांनी येते. आकाश निरभ्र, वारा पडलेला, आणि जमीन आपली उष्णता प्रारणाने आकाशाला देऊन टाकते, ही एक. दर हिवाळ्यात वर्तमानपत्रांत निफाडचा पारा छापून येतो, ती थंडी बहुधा या जातीची. द्राक्षबागायतदार अशा रात्री बागेत शेकोट्या पेटवतात आणि पाणी देतात. धुरापेक्षा शेकोटीची ऊब आणि तिच्यामुळे ढवळली जाणारी हवा यांचाच उपयोग जास्त. अशा रात्री मोठ्या झाडाची सावलीसुद्धा छप्पर म्हणून कामी येते. दुसरी थंडी उत्तरेकडून वाऱ्यावर स्वार होऊन येते, दिवसभर टिकते. तिच्यापुढे नुसते पांघरूण हरते, कारण पांघरूण उष्णता निर्माण करत नाही, असलेली धरून ठेवते. घोंगडीत गुंडाळलेला बर्फ उशिरा वितळतो हा प्रयोग आपण करतोच. ताडाची पाने वर बांधून त्याला कापडात गुंडाळले, पण आत उष्णतेचा स्रोत नसला, तर तीन दिवसांत आतले तापमान बाहेरच्याइतके होते. म्हणून आत विजेचे दिवे सोडतात, आणि त्यासाठी जुन्या तारेचे दिवे शोधतात, कारण नव्या एलईडी माळा प्रकाश देतात, ऊब फारशी देत नाहीत.

काही जण पांघरुणाच्या आत पाण्याच्या बादल्या ठेवतात. वरवर वेडगळ वाटते. हिशेब करून पाहा: २० लिटर पाणी पूर्ण गोठताना दर ग्रॅमला ८० कॅलरी या दराने १६ लाख कॅलरी सोडते. १०० वॉटचा दिवा साडेअठरा तास जळाल्यावर जेवढी उष्णता मिळेल तेवढी ही अप्रकट उष्णता, आणि तीही शून्य अंशावर, म्हणजे ताडाला नेमकी जिथे हवी तिथे. पाणी संपूर्ण गोठेपर्यंत आतली हवा शून्याच्या फार खाली जाऊ पाहत नाही.

पाऊस आणि ओल यांचा प्रश्न मात्र या उपायांनी कधीकधी वाढतो. घट्ट गुंडाळलेल्या गाभ्यात दमट हवा कोंडते आणि थंडीतून वाचलेला कोंब बुरशीने जातो. उणे १५ अंशांची कोरडी थंडी सोसणारा ताड उणे ८ अंशांच्या ओल्या थंडीत मरू शकतो. नकाशात ओलीला जागा नाही.

इथवर आपण ताड मरतो या बाजूने पाहिले. दुसरी बाजूही आहे. आल्प्सच्या दक्षिण पायथ्याशी, स्वित्झर्लंडच्या टिचिनो भागात माज्जोरे सरोवराच्या काठी, फॉर्च्यूनचे ताड बागांतून शोभेसाठी लावले गेले. ते तिथल्या चित्रपत्रांचा विषय झाले, लोक कौतुकाने त्यांना 'टिचिनोचे ताड' म्हणू लागले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हिवाळे सौम्य होत गेले, पक्ष्यांनी बिया नेल्या, आणि ताडाची रोपे जंगलात मूळच्या झाडांखाली दाटीने उगवू लागली. गियान-रेटो वाल्थर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली हे ताड म्हणजे हवामानबदलाची खूण आहे असे दाखवून दिले. जंगलात ताडाचे दाट आच्छादन झाले की स्थानिक झाडांच्या रोपांना प्रकाश मिळत नाही. स्वित्झर्लंडने १ सप्टेंबर २०२४ पासून या ताडाची विक्री, आयात आणि भेट म्हणून देणेसुद्धा बंद केले. ज्यांच्या बागेत तो आधीपासून आहे त्यांना तो काढावा लागत नाही.

काटकपणाचा नकाशा झाडाला एकच प्रश्न विचारतो: जगशील का? टिचिनोच्या जंगलात त्याचे उत्तर 'हो' असे आले आणि तिथूनच अडचण सुरू झाली. रोपवाटिकेच्या चिठ्ठीवर 'काटक' हा शब्द फक्त गुण म्हणून छापलेला असतो.

मग हा नकाशा टाकून द्यावा का? मी तसे म्हणणार नाही. वर्षानुवर्षे जगणाऱ्या झाडांची ढोबळ निवड करायला तो उपयोगी आहे, आणि त्याच्याइतकी बारीक जाळी दुसऱ्या कोणत्याही नकाशाला नाही. पण त्याच माहितीतून आणखी दोन आकडे छापणे कठीण नाही. एक, त्या तीस वर्षांतले सर्वांत वाईट तापमान. दुसरा, गोठणबिंदूखाली सलग गेलेले सर्वाधिक तास. पट्ट्याचा रंग तोच ठेवा आणि हे दोन आकडे त्याच्या शेजारी द्या. डॅलसचा माणूस मग रंग न पाहता आकडे पाहील.

तसे केले नाही तर काय होईल तेही मोजता येते. फेब्रुवारी २०२१ जेव्हा पुढच्या एखाद्या नकाशाच्या खिडकीत येईल, तेव्हा ते तीस वर्षांतले एक वर्ष असेल. सरासरीहून आठ अंशांनी थंड अशा एका वर्षाने तीस वर्षांची सरासरी खाली येते ती साधारण पाव अंशाने. अर्ध्या पट्ट्याची रुंदी आहे पावणेतीन अंश.